काळ्या त्वचेवर लेझर : उपचार की चटका?

रसायनी या गावाचे नावच रसायनांवरून पडलेले आहे. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या केंद्र सरकारच्या कंपनीने खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या खोऱ्यात आपला कारखाना उभारला. रंग, औषधे, रबर, कीटकनाशके बनवणाऱ्या उद्योगांना लागणारा कच्चा माल देशातच तयार व्हावा, हा त्यामागचा हेतू होता. नायट्रोबेन्झीन, अनिलीन, फॉर्मल्डिहाइड ही नावे इथल्या माणसांच्या तोंडी भाताच्या वाणांच्या नावांसारखी रुळली. २०१७ च्या मे महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचे तोट्यातले विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. कायम नोकरीचा सरकारी कारखाना गेला. आजूबाजूची औद्योगिक वसाहत राहिली आणि तिच्याबरोबर कंत्राटी कामगार राहिला.

या गावाच्या निमित्ताने आज आम्ही माणसाच्या त्वचेबद्दल, तिच्यावरच्या काळ्या डागांबद्दल आणि ते डाग लेझरने घालवण्याच्या उपचाराबद्दल लिहीत आहोत. चळवळीच्या दैनिकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु लेझरने डाग कायमचे घालवून देण्याची जाहिरात आता मुंबई-पुण्यापुरती उरलेली नाही. मोबाइलच्या पडद्यावरून ती मोहोपाड्याच्या चाळीत आणि कर्जतच्या वाडीतही पोहोचली आहे. ज्यांची त्वचा सावळी किंवा काळी आहे आणि ज्यांचे पोट उन्हात राबण्यावर आहे, अशा माणसांना हा उपचार चुकीच्या हाती चटका देऊ शकतो. म्हणून त्याची माहिती आपल्याला असलीच पाहिजे.

कामगाराच्या कातडीतून निघालेले ज्ञान

लेझरच्या आधी डागांवर मलमे आली. त्यांतले एक जुने आणि प्रभावी औषध म्हणजे हायड्रोक्विनोन. रसायनीकरांना जवळचे वाटावे असे हे रसायन आहे, कारण ते अनिलीनपासून बनवण्याची पद्धत फार जुनी आहे. या जातीची रसायने त्वचेचा रंग उडवतात, हे कळले ते कामगारांमुळे. १९३९ साली अमेरिकेत चामडे कमावणाऱ्या कारखान्यातील कामगारांच्या हातांवर पांढरे डाग उमटू लागले. त्यांत अनेक कृष्णवर्णीय होते. शोध घेतल्यावर असे आढळले की त्यांना दिलेल्या रबरी हातमोज्यांत हायड्रोक्विनोनच्याच कुळातले एक रसायन होते. चामड्याच्या कामाशी ज्यांच्या पिढ्या बांधल्या गेल्या, त्या समाजाने ही गोष्ट विसरू नये. कामगाराची इजा हीच पुढे रंग उडवण्याच्या औषधांची सुरुवात ठरली.

तेच कूळ आपल्या घरातही शिरले. टिकलीच्या गोंदात असलेल्या अशाच एका रसायनामुळे कपाळावर पांढरा डाग पडतो, हे भारतीय डॉक्टरांनीच दाखवून दिले. रबरी चपलेच्या पट्ट्यांखाली पायावर पडणारे पांढरे पट्टेही त्याच प्रकारचे.

दक्षिण आफ्रिकेत तर हायड्रोक्विनोनची मलमे कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांना वर्षानुवर्षे विकली गेली. गोरे होण्याच्या आशेने ती चोळणाऱ्यांच्या गालांवर निळसर काळे, खरखरीत चट्टे पडले. १९७५ साली तिथल्या डॉक्टरांनी त्याची नोंद केली. हे चट्टे सहसा जात नाहीत, लेझरनेही फारसे हटत नाहीत. वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध लढणाऱ्या कृष्णवर्णीय जाणिवेच्या कार्यकर्त्यांनी आणि डॉक्टरांनी हा प्रश्न लावून धरला, आणि १९९० साली त्या देशाने सौंदर्यप्रसाधनांत हायड्रोक्विनोन वापरण्यावर बंदी आणली. चेहऱ्यावरच्या मलमाचा प्रश्न चळवळीचा प्रश्न होऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे.

आपल्याकडे काय झाले? १९७५ सालीच भारतात ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. तिच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द जायला २०२० साल उजाडावे लागले. दरम्यान औषधाच्या दुकानांतून स्टिरॉइड मिसळलेली मलमे गोरेपणाची क्रीम म्हणून खपत राहिली. पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते, मुरुमे येतात, केस उगवतात आणि मलम थांबवताच डाग अधिक गडद होऊन परत येतात. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. पाऱ्याबाबतही २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी त्वचेच्या क्रीममध्ये दहा लाखांत एक भाग एवढीच मर्यादा ठेवली आहे, आणि तीही नकळत राहिलेल्या अंशासाठी. तरीही अकोल्यातील एका तरुण विद्यार्थिनीचे, तिच्या आईचे आणि बहिणीचे मूत्रपिंड स्थानिक पार्लरमधून आणलेल्या क्रीममुळे बिघडल्याचे २०२३ च्या सुरुवातीला उघड झाले. परळच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला.

मलमांनी बिघडवलेला हा चेहरा घेऊन माणूस लेझरच्या दारात उभा राहतो. तिथे काय होते, ते आता पाहू.

लेझर त्वचेत काय करतो?

पहिला लेझर १९६० सालीच अमेरिकेत तयार झाला. तो माणकाच्या स्फटिकाचा होता. काही वर्षांतच तो त्वचेवर वापरून पाहण्यात आला. १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्यामागचे तत्त्व मांडले. प्रकाशाची लांबी योग्य निवडली आणि तो अत्यंत थोड्या वेळासाठी सोडला, तर त्वचेतील नेमके लक्ष्य तापून फुटते आणि आजूबाजूचा भाग वाचतो. काळ्या डागांच्या बाबतीत हे लक्ष्य म्हणजे मेलॅनिन हे रंगद्रव्य. फुटलेले कण शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी हळूहळू उचलून नेतात. गोंदणाची शाईही अशीच फोडली जाते.

अडचण इथेच आहे. मेलॅनिन केवळ डागात नसते, ते आपल्या सगळ्या त्वचेत असते. लेझरला डागातले मेलॅनिन आणि बाजूच्या निरोगी त्वचेतले मेलॅनिन यांतला फरक कळत नाही. गोऱ्या कातडीवर काळा डाग म्हणजे पांढऱ्या भिंतीवरचा कोळशाचा ठिपका. सावळ्या त्वचेवर मात्र भिंतही तापते आणि ठिपकाही तापतो. वरची त्वचा भाजते, आणि भाजलेली सावळी त्वचा पुन्हा मेलॅनिन तयार करूनच उत्तर देते. त्यामुळे डाग घालवायला गेलेल्या माणसाला पहिल्यापेक्षा मोठा आणि गडद डाग मिळू शकतो. कधी उलट घडते. रंगपेशीच मरतात आणि पांढरे ठिपके उरतात.

म्हणून लेझरच्या प्रकाशाची लांबी महत्त्वाची. माणकाचा लेझर ६९४ नॅनोमीटरचा, आणि ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश तर मेलॅनिन आणखी जोराने शोषून घेते. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर मेलॅनिनमध्ये तुलनेने कमी शोषला जातो आणि खोलवर जातो. त्यामुळे आपल्यासारख्या त्वचेसाठी तो अधिक सुरक्षित मानला जातो. पार्लरमध्ये लेझर म्हणून जे यंत्र दाखवले जाते, ते पुष्कळदा लेझर नसतेच. आयपीएल नावाचे ते यंत्र अनेक लांबींचा प्रकाश एकदम सोडते. काळ्या त्वचेला त्याचा धोका अधिक आहे.

त्वचेचे प्रकार मोजण्याची जी पट्टी जगभर वापरली जाते, तिचा इतिहासही बोलका आहे. १९७५ साली हार्वर्डचे डॉ. फिट्झपॅट्रिक यांनी ती तयार केली. उन्हात त्वचा किती भाजते आणि किती काळवंडते, यावरून त्यांनी प्रकार पाडले. सुरुवातीला त्यात चार प्रकार होते आणि चारही गोऱ्यांचे. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडण्यात आला. जगातली बहुसंख्य माणसे पुरवणीत आली! भारतीय त्वचा बहुतांशी चौथ्या आणि पाचव्या प्रकारात मोडते. म्हणजे यंत्राच्या पुस्तिकेत गोऱ्यांसाठी लिहिलेली मात्रा आपल्याला तशीच लागू पडत नाही. आपल्या त्वचेवर काम करणाऱ्याला आपली त्वचा माहीत असावी लागते.

कोणता डाग जातो, कोणता जात नाही?

लेझर हे थोतांड आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. डोळ्याभोवती आणि गालावर जन्मापासून किंवा तरुणपणी दिसणारा निळसर करडा डाग असतो, त्याला जपानी डॉक्टर ओटा यांचे नाव आहे. तो मलमाने जात नाही, परंतु एनडी-यागच्या अनेक बैठकांनी पुष्कळ फिका होतो. अशा डागामुळे शाळेत चिडवल्या गेलेल्या मुलीसाठी हा उपचार वरदान आहे. काळ्या शाईचे गोंदणही या लेझरने फिके होते. सैन्यभरतीच्या नियमांत गोंदणावर मर्यादा आहेत. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी ॲसिडने किंवा तापल्या लोखंडाने गोंदण जाळू नये, ते काम तज्ज्ञाकडे करवून घ्यावे.

वांगाची गोष्ट वेगळी. स्त्रियांच्या गालांवर, कपाळावर पसरणारे हे तपकिरी चट्टे ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि आनुवंशिकता यांच्यातून येतात. वांगावर लेझर हा पहिला उपाय नाही. लेझरने वांग तात्पुरते फिके होते आणि बैठका थांबल्यावर अनेकदा काही महिन्यांत परतते. कमी मात्रेच्या लेझरच्या आठवड्या-आठवड्याला फार बैठका झाल्या, तर चेहऱ्यावर पांढरे ठिपके पडल्याची उदाहरणे आशियाई देशांत नोंदलेली आहेत. अशा वेळी ‘दहा बैठकांत कायमचे गायब’ असे वचन देणारा एक तर अडाणी आहे किंवा लबाड.

काही डाग हे आजाराचे निरोप असतात. मानेवर, काखेत मखमलीसारखी काळी, जाड त्वचा दिसली तर ती घासू नये, तिच्यावर लेझर मारू नये. आधी रक्तातली साखर तपासावी, कारण ते मधुमेहाकडे झुकणाऱ्या शरीराचे लक्षण असते. पाठीवर, दंडांवर नायलॉनच्या घासणीने रोज घासून पडलेला काळपटपणा घासणी टाकल्याशिवाय जात नाही. फिका चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते आणि आजार पूर्ण बरा होतो. तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली काळा डाग वाढत असेल, तर तो जाळण्याआधी तपासलाच पाहिजे. काळ्या त्वचेच्या माणसांत त्वचेचा घातक कर्करोग पुष्कळदा याच जागी होतो. जगाला गाण्यातून अन्यायाविरुद्ध उभे करणारा बॉब मार्ली पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या अशाच कर्करोगाने १९८१ साली, अवघ्या ३६ व्या वर्षी गेला.

आणि रसायनीसारख्या गावात एक प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे : कामावर हाताला, तोंडाला काय लागते? रसायनांनी आणि रंगांनी होणारा त्वचारोग हा १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्याजोगा रोग म्हणून नोंदलेला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेच्या अनुसूचीतही तो आहे. असा रोगी आढळला तर डॉक्टरने शासनाला कळवणे बंधनकारक आहे. कामाच्या रसायनाने पडलेल्या डागावर कामगाराने स्वतःच्या खिशातून लेझरच्या बैठका घ्याव्यात आणि कारखान्यात हातमोजेही बदलू नयेत, हा कुठला न्याय?

सावली कोणाला मिळते?

लेझर झाल्यावर प्रत्येक रोग्याला एक सूचना मिळते : काही आठवडे ऊन टाळा. या एका वाक्यात सगळी समाजरचना सामावलेली आहे. कचेरीत बसणारा ऊन टाळू शकतो. वीटभट्टीवर चिखल तुडवणारी कातकरी बाई, रस्त्याकडेला भाजी विकणारी, सफाईचे कंत्राटी काम करणारा, कंपनीच्या आवारात माल चढवणारा माथाडी यांनी ऊन कसे टाळायचे? एके काळी आमच्या माणसांच्या सावलीचाही विटाळ होत होता. आज त्यांच्या वाट्याला सावलीच नाही.

शिवाय सावळ्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा प्रकाशही डाग गडद करतो, आणि साधे पांढरे सनस्क्रीन तो अडवत नाही. लोह ऑक्साइड मिसळलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन तो अडवते. परंतु ते दर दोन-तीन तासांनी लावायचे, म्हणजे रोजंदारीच्या माणसाला परवडणारे नाही. त्याच्यासाठी रुंद काठाची टोपी, डोक्या-तोंडावरून घट्ट घेतलेला सुती पदर किंवा ओढणी, छत्री हीच खरी साधने. ज्याला ऊन टाळणे शक्यच नाही, त्याला लेझर न करण्याचा सल्ला देणारा डॉक्टर प्रामाणिक समजावा.

खुर्चीवर बसण्याआधी

महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या माणसाने वैद्यकीय व्यवसाय करणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. सौंदर्यविषयक प्रक्रियांबाबत, केवळ कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूब पाहून मिळालेले शिक्षण पुरेसे नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले. तेव्हा पांढरा कोट पाहून दबून जाऊ नका. प्रश्न विचारा.

लेझर चालवणारा त्वचारोगाची पदवी किंवा पदविका घेतलेला नोंदणीकृत डॉक्टर आहे काय? माझ्या डागाचे नाव काय आणि तो कशामुळे आला? यंत्र कोणते आणि त्याच्या प्रकाशाची लांबी किती? कानामागे किंवा जबड्याखाली छोट्या जागेवर आधी चाचणी घेणार काय, आणि तिचा परिणाम पाहण्यासाठी चार ते सहा आठवडे थांबणार काय? डोळ्यांना संरक्षक चष्मा देणार काय? १०६४ चा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण दृष्टी घालवू शकतो. डाग परत येण्याची शक्यता किती? ही उत्तरे कागदावर द्यायला जो कचरतो, त्याच्या खुर्चीवर बसू नये. आणि आपल्याला जखमेच्या जागी गाठीसारखे व्रण येत असतील, अलीकडे मुरुमांच्या गोळ्या किंवा स्टिरॉइडचे मलम घेतले असेल, गरोदरपण असेल, तर ते आपणही लपवू नये.

वर्णाचा रकाना

आपल्या भाषेत रंगालाही वर्ण म्हणतात आणि माणसांच्या उतरंडीलाही वर्ण म्हणतात. हा योगायोग फार महागात पडला आहे. काळा म्हणजे खालचा, ही समजूत विज्ञानाने कधीच खोडली. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशींनी बनवलेल्या रंगकणांच्या आकारात, प्रमाणात आणि मांडणीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नाकांच्या मोजमापांचे आकडे तपासून अस्पृश्य वेगळ्या वंशाचे असल्याचा सिद्धांत फेटाळून लावला. शरीराच्या मापावरून माणसाची पायरी ठरवण्याचा धंदा त्यांनी तिथेच उघडा पाडला.

मग आपल्याच वधू-वर मेळाव्यांच्या अर्जात ‘वर्ण : गोरा, निमगोरा, सावळा’ हा रकाना अजून कशासाठी? जात नाकारणाऱ्यांनी वर्णाचा रकाना जपून ठेवावा, यासारखी विसंगती नाही. मुलगी सावळी म्हणून स्थळ नाकारले जाते, मग ती चोरून स्टिरॉइडचे मलम आणते, मग डाग पडतात, मग कर्ज काढून लेझर. या साखळीची पहिली कडी बाजाराने नव्हे, घरातल्या माणसांनी जोडलेली असते. ती तोडायला कुठलेही यंत्र लागत नाही.

डाग घालवावासा वाटणे हा गुन्हा नाही. चेहऱ्यावरचा डाग ज्याला छळतो, त्याला चांगला उपचार मिळण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि तो हक्क श्रीमंताइतकाच गरिबाचाही आहे. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. कर्जतच्या आणि पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयांत त्वचारोगतज्ज्ञाचा ठरलेला दिवस असावा आणि तो फलकावर लिहिलेला असावा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात सावळ्या त्वचेला योग्य असा लेझर आणि तो चालवणारा शिकलेला डॉक्टर असावा. पाताळगंगेच्या वसाहतीतील कंत्राटी कामगारांची वर्षातून एकदा त्वचेची तपासणी व्हावी आणि आढळलेले रोग कायद्याप्रमाणे कळवले जावेत. चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडचे मलम विकणाऱ्या दुकानांवर अन्न व औषध प्रशासनाने कारवाई करावी.

काही कामे मात्र शासनाची वाट न पाहता आपण करू शकतो. रसायनी परिसरातील मंडळांनी आणि महिला मंडळांनी येत्या वर्षात बुद्ध विहारात एक तरी त्वचारोग शिबिर भरवावे. शिबिराला येताना घरातल्या क्रीमच्या नळ्या आणि डब्या बरोबर आणायला सांगावे आणि त्यांत काय आहे, ते डॉक्टरांकडून सर्वांसमोर वाचून घ्यावे. आणि पुढच्या वधू-वर मेळाव्याचे अर्ज छापायला देण्यापूर्वी वर्णाचा तो रकाना खोडून टाकावा.